फेर्नांदो सोर : गिटारचे लेखन आणि त्याचे वाचन

गिटारवादनाचे पद्धतशीर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) या स्पॅनिश संगीतकाराशी पहिली ओळख बहुधा एखाद्या क्रमांकाच्या द्वारे होते. ‘सोरची पाचवी’, ‘सोरची सतरावी’ असे तो म्हणतो आणि कोणती रचना अभिप्रेत आहे हे त्याच्या गुरूला तत्काळ कळते. वस्तुतः हे क्रमांक सोरचे नव्हेत. आन्द्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) या स्पॅनिश वादकाने १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथून सोरच्या वीस अभ्यासरचनांची एक निवड प्रसिद्ध केली. त्या निवडीतील हे क्रमांक होत. जिला ‘पाचवी’ म्हणतात ती सोरच्या ऑपस ३५ मधील बाविसावी रचना आहे, आणि ‘सतरावी’ ही ऑपस ६ मधील अकरावी. (ऑपस म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित कृतीला दिलेला अनुक्रमांक.) एखाद्या ग्रंथकाराचे लेखन पुढील पिढ्यांनी वेच्यांच्या रूपानेच वाचावे आणि मूळ ग्रंथातील प्रकरणांचा क्रम विस्मृतीत जावा, तसाच हा प्रकार आहे. वेचे निवडणाऱ्याने केवळ क्रम बदलला की पाठही बदलला, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. गिटारच्या क्षेत्रात मात्र तो बराच उशिरा विचारला गेला. तो विचारावयाचा म्हणजे सोरने गिटारसाठी काय लिहिले यापेक्षा कसे लिहिले, हे प्रथम पाहावे लागते.

सोरच्या नावाचाच इतिहास काहीसा गुंतागुंतीचा आहे. १४ फेब्रुवारी १७७८ रोजी बार्सेलोना येथे त्याचा बाप्तिस्मा झाला. घराण्याचे नाव ‘सोर्स’ असे लिहिले जाई. त्यातील अंत्य सकार त्याने पुढे सोडून दिला. कातालान भाषेत तो फेर्रान, स्पॅनिशमध्ये फेर्नांदो, आणि पॅरिस व लंडन येथे छापलेल्या कृतींच्या मुखपृष्ठांवर बहुधा फेर्दिनां. एकाच व्यक्तीच्या नावाची ही तीन रूपे तिच्या आयुष्यातील स्थलांतरांचीच साक्ष देतात. बार्सेलोनाजवळील मोन्तसेर्रात या डोंगरावर बेनेदिक्तीन संन्याशांचा प्राचीन मठ आहे. तेथील गायक-बालकांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. गुरू अन्सेल्म व्हिओला हा स्वतः संगीतकार होता. या शाळेत अनेक कंठांनी एकाच वेळी निरनिराळ्या स्वरपंक्ती गाण्याचे शिक्षण दिले जाई. प्रत्येक बालकाने आपली पंक्ती सांभाळावयाची आणि इतरांच्या पंक्ती ऐकावयाच्या, ही तेथील रोजची शिस्त होती. सोरच्या पुढील लेखनावर या शिस्तीची छाप इतकी स्पष्ट आहे की, त्याच्या गिटारचे मूळ त्या वाद्याच्या जुन्या परंपरेपेक्षा या मठातील समूहगायनात शोधणे अधिक योग्य ठरेल. मठ सोडल्यावर त्याने बार्सेलोनाच्या लष्करी विद्यालयात काही वर्षे काढली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७९७ मध्ये, त्याची ‘तेलेमाको’ ही इटालियन भाषेतील संगीतिका बार्सेलोनाच्या रंगभूमीवर आली.

त्यानंतरचा काळ माद्रिद आणि आन्दालुसिया येथे गेला. माद्रिदमध्ये आल्बाच्या डचेसचा व पुढे मेदिनासेलीच्या ड्यूकचा आश्रय त्याला लाभला. १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापले तेव्हा सोरने फ्रेंचांच्या विरुद्ध देशभक्तिपर गीते रचली; पण पुढे आन्दालुसिया फ्रेंचांच्या ताब्यात गेल्यावर त्याच राजवटीखाली त्याने शासकीय पद स्वीकारले. असे करणाऱ्या सुशिक्षित स्पॅनिश लोकांची संख्या लहान नव्हती. फ्रेंच राजवटीकडून सुधारणांची अपेक्षा करणारे त्यांत होते, तसेच केवळ निरुपाय म्हणून शपथ घेणारेही होते. सोर कोणत्या गटात मोडत होता, याचा निवाडा त्याच्या चरित्रकारांनी सावधपणेच केला आहे, आणि ते योग्यही आहे. परिणाम मात्र सर्वांना सारखाच भोगावा लागला. ‘आफ्रान्सेसादो’ म्हणजे ‘फ्रेंचाळलेला’ हा शिक्का त्यांच्यावर बसला, आणि १८१३ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्यापाठोपाठ त्यांना देश सोडावा लागला. सोर तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. स्पेनमध्ये तो पुन्हा कधीही परतला नाही. आज स्पॅनिश गिटारचा आद्य अभिजात संगीतकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या बहुतेक सर्व महत्त्वाच्या कृती पॅरिस आणि लंडन येथे छापल्या गेल्या, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परदेशातील त्याच्या कीर्तीचा मार्ग केवळ गिटारचा नव्हता. १८१५ मध्ये तो लंडनला गेला. तेथे गायक आणि गायनशिक्षक म्हणून त्याचा लौकिक झाला आणि तीन-तीन इटालियन गीतांचे अकरा संच त्याने प्रसिद्ध केले. १८१७ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या सभेत तंतुवाद्यांच्या साथीने त्याने गिटार वाजविली. त्याचे ‘सांद्रियों’ हे सिंड्रेलाच्या कथेवरील नृत्यनाट्य १८२२ मध्ये लंडनला आणि पुढील वर्षी पॅरिसच्या ऑपेरागृहात रंगभूमीवर आले. पॅरिसमध्ये त्याचे शंभराहून अधिक प्रयोग झाले. फेलिसिते ह्युलां या नर्तकीसमवेत तो रशियाला गेला. मॉस्कोच्या नव्या बोल्शोय नाट्यगृहाचे १८२५ मध्ये उद्घाटन झाले, त्या प्रसंगी हेच नृत्यनाट्य सादर करण्यात आले. पुढे तो पॅरिसला परतला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या हयातीत त्याचे नाव सर्वदूर नेणारे हे संगीत आज क्वचितच ऐकू येते. जे उरले ते एका लहान आवाजाच्या वाद्यासाठी लिहिलेले आहे.

या लेखनाचे वेगळेपण ध्यानात यावे यासाठी गिटारच्या लिपीचा येथे थोडा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत पश्चिम युरोपात गिटार आणि तिच्या जातीची तंतुवाद्ये यांच्यासाठी एक स्वतंत्र लेखनपद्धती प्रचलित होती. तिला टॅब्लेचर म्हणतात. तीत आडव्या रेषा वाद्याच्या तारा दर्शवितात. रेषेवर लिहिलेला अंक (फ्रान्समध्ये अक्षर) म्हणजे ज्या पडद्यावर बोट ठेवावयाचे तो पडदा. शून्य असल्यास तार मोकळी छेडावयाची. ही लिपी वादकाला कृती सांगते. परिणामी कोणता स्वर निघेल हे तीत लिहिलेले नसते. ते वाद्यच सांगते. तसेच बोट केव्हा ठेवावयाचे हे तीत कळते, पण तो स्वर किती काळ टिकावा आणि आजूबाजूच्या स्वरांपैकी कोणाशी त्याचे नाते आहे, हे तीत सामान्यतः व्यक्त होत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे उच्चारस्थानांचे व प्रयत्नांचे वर्णन आहे. जीभ कोठे टेकवावी, ओठ केव्हा मिटावे हे सांगितले की ध्वनी आपोआप निघतो, हे खरे. परंतु त्या ध्वनीचे भाषेच्या व्यवस्थेतील स्थान कोणते, हे त्या वर्णनात येत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही लिपी मागे पडली आणि गिटारचे संगीतही पंचरेषांवर, म्हणजे इतर वाद्यांच्या सर्वसामान्य लिपीत, लिहिले जाऊ लागले. वाद्यही त्याच सुमारास बदलत होते. पूर्वी तारांच्या पाच जोड्या असत. स्पेनमध्ये सहावी जोडी आली, आणि शतकाच्या अखेरीस जोड्या जाऊन सहा एकेरी तारा उरल्या. खर्जाकडून वर जाताना मी, ला, रे, सोल, सी, मी असा त्यांचा क्रम लागतो. लिपी बदलली तरी लिहिण्याची सवय मात्र आरंभी व्हायोलिनची होती. सर्व स्वर एकाच ओळीत, त्यांचे दंड एकाच दिशेला, आणि प्रत्येक स्वराची लांबी पुढील स्वरापुरती. समजा, खर्जात ‘ला’ वाजला आणि त्याच्यावर एकामागून एक तीन स्वर आले. व्हायोलिनच्या धाटणीने लिहिल्यास हे चार सुटे स्वर दिसतात. प्रत्यक्षात मात्र खर्जातील ‘ला’ वरच्या तिन्ही स्वरांखाली घुमत राहावा अशी रचनाकाराची अपेक्षा असू शकते. लिहिलेले आणि अभिप्रेत असलेले यांत येथे अंतर पडते, आणि ते भरून काढण्याचे काम वादकाच्या समजुतीवर सोडलेले असते.

हे अंतर बुजविण्याच्या प्रयत्नात सोरच्या आधी एक नाव घ्यावे लागते. फेदेरिको मोरेत्ती हा नेपल्सचा, पण स्पॅनिश सैन्यातील अधिकारी. सहा जोड्यांच्या गिटारविषयीचा त्याचा ग्रंथ १७९९ मध्ये माद्रिदला प्रसिद्ध झाला. त्याने केलेल्या एका साथीत खर्जाची चाल आणि मधल्या पंक्ती वेगवेगळ्या ऐकू आल्या, आणि त्यामुळे त्याच्याविषयी आपल्या मनात मोठा आदर उत्पन्न झाला, असे सोरने पुढे मोकळेपणाने नमूद केले आहे. पण मोरेत्तीजवळ जी दिशा होती तिची सोरने व्यवस्था केली. सोरच्या प्रगल्भ काळातील लेखन पाहिले असता एकाच पंचरेषेवर दोन, प्रसंगी तीन स्वरपंक्ती स्पष्ट वेगळ्या दिसतात. वरच्या चालीचे दंड वर, खर्जाचे खाली. मधली पंक्ती आपल्या विरामांसह मध्ये बसविलेली. स्वराची लांबी बोट किती काळ राहू शकेल यावरून ठरत नाही. ती त्या पंक्तीला किती काळ हवी यावरून ठरते. म्हणजे जे ऐकू यावयाचे ते येथे लिहिलेले आहे, आणि हाताने ते कसे साधावे हा प्रश्न दुसरा येतो.

ऑपस ६ मधील आठवी रचना या दृष्टीने आदर्श आहे. दिसावयास ती अगदी साधी, संथ गतीची. नवशिक्या विद्यार्थ्यालाही तिचे स्वर सापडतात. पण तीत तीन पंक्ती चालतात. एका पंक्तीचा स्वर मागे रेंगाळतो, तेवढ्यात दुसरी पुढे सरकते. क्षणभर दोहोंत विसंवाद निर्माण होतो आणि रेंगाळलेला स्वर एक पायरी खाली उतरला की तो मिटतो. बोट वेळेआधी उचलले तर विसंवाद ऐकूच येत नाही, आणि मग रचनेत काही उरतही नाही. एका गायकाच्या एका स्वरपंक्तीवर ज्यांचे कान घडले आहेत, अशा हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हा प्रकार प्रथम अनोळखी वाटतो. त्याने तंबोऱ्याप्रमाणे अखंड घुमणाऱ्या खर्जाची अपेक्षा येथे करू नये. या संगीतातील खर्ज स्वतः चालणारा आहे आणि त्यालाही चाल आहे. वर उल्लेखिलेली ऑपस ६ मधील अकरावी रचना याच्या उलट टोकाची. तीत तीन-तीन स्वरांचे गट अखंड धावतात, आणि त्या धावत्या स्वरांतूनच एक गाणे वेगळे निघते. ते गाणे कागदावर वेगळ्या दंडांनी दाखविलेले आहे. ज्याने दंड वाचले नाहीत त्याला केवळ बोटांचा व्यायाम दिसेल.

पंचरेषा लिपीच्या या लाभाबरोबर एक अडचणही येते. गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. सर्वांत वरची तार मोकळी छेडली असता जो ‘मी’ निघतो, तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर, तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्यावर आणि चौथ्या तारेवर चौदाव्या पडद्यावर मिळतो. उंची एकच, पण ध्वनीचा पोत निराळा. मराठीत ‘श’ आणि ‘ष’ यांचे उच्चार बहुतेकांच्या बोलण्यात एक झाले असले तरी लेखनात दोन अक्षरे राहिली. येथे परिस्थिती उलटी आहे, अक्षर एक आणि उच्चार अनेक. टॅब्लेचरमध्ये ही संदिग्धता नव्हती, कारण तेथे जागाच लिहिलेली असे. तेव्हा वादकाला जागा कोणी सांगावी? लेखक, संपादक, की वादकाचे स्वतःचे ज्ञान? सोरच्या वारशाविषयीचा पुढील सर्व वाद या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

सोरचे उत्तर १८३० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘मेतोद’ या ग्रंथात आहे. मेरिक याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये लंडनला निघाले. शिक्षणक्रमाचे पुस्तक म्हणून जो तो उघडील त्याची निराशा होईल. तीत चालींपेक्षा युक्तिवाद अधिक आहे. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे मध्यावर असावा, तो वरून आणून खर्जाची तार दाबू नये, हे सोर हाताच्या रचनेवरून सिद्ध करू पाहतो. उजव्या हाताची अंगठा, तर्जनी आणि मध्यमा ही तीनच बोटे मुख्य मानतो. अनामिकेचा उपयोग तो बेताने करतो. दांडीवरील सर्व संचार तो स्वरजोड्यांच्या दोन प्रकारांवर उभारतो. एका प्रकारात दोन स्वरांमध्ये एक स्वर सुटतो, दुसऱ्यात चार सुटतात. या जोड्या हातात बसल्या की कोणत्याही रचनेतील जागा वादकाला स्वतः शोधता याव्यात, अशी त्याची धारणा आहे. म्हणूनच बोटांचे अंक तो फार थोड्या ठिकाणी देतो. तर्काला मोठे मोल द्यावे आणि केवळ सरावाच्या सवयीला काहीच देऊ नये, असा त्याचा एकंदर आग्रह आहे. पाठ करून घेतलेली वाक्ये आणि व्याकरण यांतील भेद त्याने गिटारच्या संदर्भात मांडला, असे म्हणता येईल. अर्थात व्याकरण शिकवून भाषा किती विद्यार्थ्यांना बोलता येते, हा प्रश्न उरतोच, आणि सोरच्या वाट्यालाही तो आला.

गिटारमधून इतर वाद्यांचा भास निर्माण करण्याविषयीचे या ग्रंथातील विवेचन विशेष वाचनीय आहे. शिंग, तुतारी, ओबो, हार्प यांचा ध्वनी तारेच्या कोणत्या भागावर छेडल्याने आणि कोणत्या स्वररचनेने सूचित होतो, हे तो तपशिलाने सांगतो. घोडीजवळ छेडले की ध्वनी धारदार होतो, एवढेच सांगून तो थांबत नाही. शिंगाला जे स्वर सुलभ असतात तेच लिहिले पाहिजेत, अन्यथा पोत साधूनही भास होणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. येथे नृत्यनाट्यांसाठी वाद्यवृंद हाताळलेला संगीतकार बोलतो आहे.

सोर नखांनी वाजवीत नसे. नखाच्या ध्वनीविषयी त्याने तीव्र नापसंती व्यक्त केली आहे. केवळ ओबोचा भास निर्माण करताना नखाचा किंचित स्पर्श त्याला मान्य होता. अपवाद त्याने एकाच व्यक्तीचा केला. दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) हा माद्रिदचा वादक नखांनी वाजवी आणि तरीही सोरला प्रिय होता. दोघे पॅरिसमध्ये एकत्र आले. सोरची ‘दोन मित्र’ या अर्थाच्या नावाची ऑपस ४१ ही दोन गिटारींची रचना आग्वादोला अर्पण केलेली असून, छापील प्रतीत एका वादकाच्या भागावर सोरचे आणि दुसऱ्याच्या भागावर आग्वादोचे नाव आहे. मैत्री गाढ असली तरी संहितेबाबत दोघांची वृत्ती निराळी होती. सोरची ‘ग्रान सोलो’ ही रचना, जीत सहावी तार ‘मी’वरून ‘रे’वर उतरवून घ्यावी लागते, तीन निरनिराळ्या रूपांत उपलब्ध आहे. एक कास्त्रो याने पॅरिसला छापलेले आरंभीचे, दुसरे ऑपस १४ म्हणून पुढे आलेले, आणि तिसरे आग्वादोने स्वतःच्या जलद बोटांना साजेशी भर घालून सिद्ध केलेले. लेखकाच्या हयातीत आणि मित्राच्या हातून झालेला हा पाठभेद अप्रामाणिक ठरविण्याचे कारण नाही. त्या काळच्या वादकाला असा अधिकार आहे अशीच समजूत होती. पण आज ‘ग्रान सोलो’ ऐकताना कोणते रूप ऐकतो आहोत, हे श्रोत्याला ठाऊक असावे.

सोरच्या स्वरलेखनाचा विचार करताना त्याच्या सेगिदिया या गीतप्रकाराकडे दुर्लक्ष होते, ते बरे नाही. सेगिदिया हा स्पॅनिश लोकछंद अक्षरसंख्येवर आधारलेला, आणि त्या मानाने आपल्या अभंगाच्या जवळचा. चार चरण सात-पाच-सात-पाच अक्षरांचे. पुढे तीन चरणांची पुस्ती पाच-सात-पाच अशी. स्पॅनिशमध्ये चरणातील अखेरच्या आघातानंतर एकच अक्षर मोजावयाचे, मग प्रत्यक्षात तेथे एकही नसो किंवा दोन असोत, असा संकेत आहे. हीच गीते बोलेरो नृत्याच्या ठेक्यावर गायिली म्हणजे त्यांना ‘सेगिदियास बोलेरास’ म्हणतात. सोरने ती तरुणपणी स्पेनमध्ये रचली. तीन मात्रांचा ठेका, अर्ध्यावर थांबून पुन्हा उचलले जाणारे शब्द, प्रेमाविषयी थोडा तिरकस विनोद, आणि खाली गिटारची अत्यंत मोजकी साथ, असे त्यांचे स्वरूप आहे. पाच अक्षरांचा चरण संगीतात सात अक्षरांच्या चरणाइतकीच जागा व्यापतो; उरलेली जागा शब्दांच्या पुनरुक्तीने किंवा गिटारच्या उत्तराने भरली जाते. गाणाऱ्याने सोडलेली जागा खर्जाने घ्यावयाची ही सवय पुढे शब्दविरहित रचनांतही दिसते. लेद्वी आणि बेर्तिनी यांच्या १८३५ च्या संगीतकोशात बोलेरोवरील लेख सोरनेच लिहिला. बावीस वर्षे स्वदेशाबाहेर राहिलेल्या मनुष्याने फ्रेंच वाचकांना आपल्या देशातील नृत्याचे व छंदाचे बारकावे समजावून द्यावेत, यातील करुण भाग लेखात कोठेही उच्चारलेला नाही.

पॅरिसमधील अखेरच्या दशकात बाजाराने सोरवर मात केली असे दिसते. प्रकाशकांना सोपे संगीत हवे होते. त्याच्या रचना कठीण मानल्या जात. या काळातील काही संग्रहांची नावेच संवादासारखी आहेत. ऑपस ४३ चे नाव ‘माझे वैताग’. ऑपस ४५ चे ‘पाहू, हे जमते का’. ऑपस ४८ चे ‘हेच ना?’ आणि ऑपस ५१ चे, अखेर समाधान झाल्यासारखे, ‘हां, आता ठीक’. विद्यार्थी, प्रकाशक आणि रचनाकार यांच्यातील त्रासिक बोलणे मुखपृष्ठावर यावे असे उदाहरण संगीताच्या इतिहासात विरळाच. त्याच वेळी तो आरंभीच्या विद्यार्थ्यांसाठी तळमळीने लिहीतही होता. ऑपस ६ आणि २९ मधील मिळून चोवीस अभ्यासरचना (दुसऱ्या संग्रहातील क्रमांक तेरापासून सुरू होतात, यावरून त्याने त्या एकच ग्रंथ मानल्या हे कळते), ऑपस ३१, ३५ आणि ४४ मधील प्रत्येकी चोवीस, आणि ऑपस ६० मधील पंचवीस धडे अशी ही मालिका आहे. ‘मेतोद’मध्ये जो युक्तिवाद शब्दांत होता, तो या शंभरावर लहान रचनांत स्वरांनी केलेला आहे, आणि अधिक यशस्वीही झाला आहे. ऑपस ६० मधील पहिल्या धड्यात एकाच वेळी एकच स्वर वाजतो. तरीही तो गाणे वाटतो.

१८३७ मध्ये त्याची कन्या वारली. तिच्या अंत्यविधीसाठी त्याने एक मास, म्हणजे उपासनासंगीत, रचले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १० जुलै १८३९ रोजी, पॅरिस येथे त्याचा मृत्यू झाला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

त्याच्या कृतींचा पुढील प्रवास दोन संपादकांच्या हातून झाला. नापोलिओं कोस्त (१८०५–१८८३) हा फ्रेंच वादक सोरचा स्नेही होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने सोरचा ‘मेतोद’ ‘सुधारून व वाढवून’ पुन्हा प्रसिद्ध केला आणि त्यात सव्वीस अभ्यासरचना घेतल्या. मूळ युक्तिवादाचा बराच भाग त्यात गळाला. बोटांचे अंक मोठ्या प्रमाणावर आले. सेगोव्हियाच्या १९४५ च्या निवडीतील अनेक पाठ कोस्तच्या आवृत्तीशी जुळतात. म्हणजे जगभरच्या विद्यार्थ्यांनी सोर म्हणून जे वाचले, ते बरेचसे कोस्तने वाचलेले आणि सेगोव्हियाने पुन्हा वाचलेले सोर होते. मधल्या काळात वाद्यही बदलले होते. सोरच्या वेळची गिटार लहान अंगाची, आतड्याच्या तारांची. लंडनचा पानोर्मो आणि पॅरिसचा लाकोत हे त्याच्या पसंतीचे कारागीर होते. आन्तोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने तिचे शरीर मोठे केले व तबलीची अंतर्गत रचना बदलली. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात नायलॉनच्या तारा आल्या. मोठ्या सभागृहात नखांनी वाजविणाऱ्या सेगोव्हियाने वरच्या चालीचा स्वर मोकळ्या तारेऐवजी आतील तारेवर, भरदार ध्वनीसाठी, घेतला तर त्याच्या वाद्याच्या दृष्टीने ते समर्थनीय आहे. अडचण एवढीच की, अंक छापले गेले म्हणजे विद्यार्थी ते सोरचे समजतो. जी जागा वादकाने तर्काने शोधावी म्हणून सोरने मोकळी ठेवली होती, ती भरली गेली, आणि पंचरेषा लिपी पुन्हा एकदा टॅब्लेचरसारखी वाचली जाऊ लागली. तथापि सेगोव्हियाचे ऋण येथे नाकारता येणार नाही. त्याने ही निवड केली नसती तर विसाव्या शतकाच्या मध्यास या रचना किती जणांच्या हाती पोहोचल्या असत्या, हे सांगणे कठीण आहे.

मूळ मुद्रित प्रतींकडे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय ब्रायन जेफ्री यांना आहे. त्यांनी १९७६ मध्ये सोरच्या सेगिदियांचे संपादन केले, १९७७ मध्ये त्याचे चरित्र लंडनहून प्रसिद्ध केले, आणि पुढे समग्र कृतींच्या आवृत्त्या मूळ प्रतींवरून सिद्ध केल्या. त्यामुळे आता दंडांची दिशा, स्वरांची लांबी आणि सोरने स्वतः दिलेले मोजके अंक वाचकाला प्रत्यक्ष पाहता येतात. तरीही वर्गात ‘सोरची पाचवी’ हाच शब्दप्रयोग ऐकू येतो. रूढ झालेले क्रमांक रूढ झालेल्या लेखनाप्रमाणेच सहजासहजी बदलत नाहीत.

सोरच्या ऑपस-मालिकेतील अखेरचा क्रमांक ६३ आहे. दोन गिटारींसाठी लिहिलेल्या या रचनेचे नाव ‘रशियाची आठवण’. मृत्यूच्या वर्षी, १८३९ मध्ये, ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक पंक्तीचा स्वर येथेही शेवटपर्यंत ज्याच्या त्याच्या दंडाने वेगळा दाखविलेला आहे. ती त्याने आपल्या मित्राला, नापोलिओं कोस्तला, अर्पण केली होती.